आमच्या गावाचं बीपी

४ एप्रिल

ही डायरी माझ्या बायकोच्या नावाने आली. एक औषध कंपनी तिला दरवर्षी पाठवायची. यंदा चार महिने उशिरा आली, पण आली. पाकिटावर तिचं नाव आणि नावाआधी ‘सिस्टर’. ती गेल्याचं कंपनीला कोणी कळवलेलं नाही. मी कळवायला बसलो होतो, पण ‘कळविण्यास’ या शब्दापुढे काय लिहायचं ते ठरेना. त्यापेक्षा डायरी वापरून टाकावी. प्रत्येक पानाच्या तळाशी एकेका औषधाची जाहिरात आहे. आजच्या पानावर पित्ताची गोळी आहे.

आज आरोग्य केंद्राच्या समितीची बैठक होती. मी समितीत नाही. मी पाण्याच्या टाकीवर काम करतो. पाणी तपासणं, त्यात क्लोरीन सोडणं आणि पंप बघणं. पण मेहुणी बोलवायला आली. ती तिची धाकटी बहीण. आमच्या समोरच तिचं शिवणकामाचं दुकान आहे.

“भाऊजी, उठा. कोपऱ्यात बसा, बोलू नका, पण या.”

बोलू नका हे मला सांगावं लागत नाही, पण तिला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय, त्यामुळे बैठकीतही सगळे हात वर करूनच बोलतात.

“विभागीय कार्यालयाने कळवलंय,” त्या म्हणाल्या, “मेअखेर सिस्टरची जागा भरली नाही तर आपलं केंद्र बंद. मग ताप आला तरी डोंगरापलीकडे जायचं आणि बाळंतपण असलं तरी डोंगरापलीकडे.”

“आणि डोंगर चढताना पाय मोडला तर?” बेकरीवाल्याने हात वर करून विचारलं.

“तर घरंगळत अलीकडे यायचं. खाली बसा.”

ती गेल्यापासून तीन सिस्टर येऊन गेल्या. आल्या, केंद्र बघितलं, चहा घेतला आणि गेल्या. केंद्र स्वच्छ आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, पण स्वभावाने चांगले आहेत. पाणी तर उत्तम आहे, ते मी स्वतः सांगू शकतो. म्हणून आज मी जन्मात पहिल्यांदा बैठकीत हात वर केला आणि विचारलं, “त्या परत का जातात?”

बेकरीवाल्याच्या हातून कप सुटला. मेहुणी छताकडे बघायला लागली. मीही बघितलं, पण तिथे काही नव्हतं.

“कारणं असतात, मिस्टर,” मोठ्या बाई म्हणाल्या. “वैयक्तिक.” आणि बैठक संपली.

मला गावात सगळे मिस्टर म्हणतात. सिस्टरचे मिस्टर, म्हणून. आता नुसतंच मिस्टर उरलंय.

७ एप्रिल

लोकांचं बीपी वाढतंय. हे लिहून ठेवायला हवं, कारण दुसरं कोणी लक्ष देत नाही.

बीपीचं यंत्र तिचं स्वतःचं होतं, केंद्राचं नव्हे. लग्नानंतर तिने मला स्वयंपाकघराच्या टेबलावर शिकवलं. माझाच दंड आणि माझेच कान. “पारा बघू नका, आधी ऐका,” असं सांगायची. मला बऱ्यापैकी जमतं. ती गेल्यावर एकेक जण घरी येऊन म्हणायला लागला, “मिस्टर, जरा बीपी बघता का?” मला बरं वाटलं. काहीतरी चालू राहिलं.

पण आकडे बरे नाहीत. आज बेकरीवाला पाव घेऊन आला. खुर्चीवर बसला, भिंतींकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

“घर मोठं आहे हो,” म्हणाला. “म्हणजे एकट्या माणसाला.”

“हो,” मी म्हणालो. “हात सैल सोडा.”

“झाडायला-पुसायला किती लागत असेल!”

“बोलू नका. बोललं की वाढतं.”

एकशे साठ आणि शंभर. चांगला धट्टाकट्टा माणूस. मी आकडा सांगितला तर घाम पुसत म्हणाला, “मी येतो पुन्हा. आज नको.” काय आज नको ते कळलं नाही.

संध्याकाळी मोठ्या बाई आल्या. त्या आल्या की मी अजूनही उभा राहतो, मी त्यांचा विद्यार्थी नसताना. “मिस्टर, एक विचारायचं होतं,” म्हणाल्या. मग पदराचं टोक गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. “पाण्यात क्लोरीन किती सोडता तुम्ही?” मी सविस्तर सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांचंही एकशे पंचावन्न.

मी सगळ्यांना डॉक्टरांकडे पाठवतो. डॉक्टर म्हणतात, ठीक आहे, काही नाही. केंद्रातलं यंत्र जुनं आहे, त्याचा भरवसा नाही.

१२ एप्रिल

रविवार. मेहुणीने दुकानाच्या वरची खोली रंगवायला बोलावलं. भाडेकरू ठेवायचाय म्हणे.

“भाऊजी, रंग कुठला?”

“भाडेकरूला विचार.”

“तो बोलत नाही फारसा.”

“मग फिकट हिरवा दे. डोळ्यांना थंड.”

तिने तोच आणला होता. डबा आधीच उघडलेला होता. मग पलंग कुठल्या भिंतीला लावू, असं विचारायला लागली. मी म्हणालो, भाडेकरू पहाटे उठणारा असेल तर पूर्वेच्या खिडकीशी लाव, म्हणजे दिवा लावावा लागणार नाही. “पहाटेच उठतो,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. रंगाचा वास तिला सहन होत नाही. मी खिडक्या उघडल्या.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा तिचं बीपी घेतलं. दीडशेच्या वर. हिचंही!

हात स्वच्छ व्हायला रॉकेल लागलं. भाडेकरू नशीबवान आहे. खोलीला उजेड छान आहे, आणि खाली मेहुणी असल्यामुळे त्याला रेडिओ घ्यायची गरज पडणार नाही.

२० एप्रिल

आठवडाभर विचार केला. एवढ्या लोकांचं एकदम वाढतंय, म्हणजे कारण एकच असणार. ती असती तर हेच म्हणाली असती. एका माणसाला जुलाब झाले तर माणसाला विचारा, दहा जणांना झाले तर विहिरीला विचारा, असं तिचं काम होतं.

आधी मी माझ्याच पाण्यावर संशय घेतला. टाकीचं पाणी तीनदा तपासलं. क्षार नेहमीइतकेच. मग ध्यानात आलं की जे लोक पाव घेऊन येतात त्यांचं जास्त वाढलेलं असतं. नुसते येतात त्यांचंही वाढतं, पण पाववाल्यांचं जास्त. म्हणजे मीठ!

बेकरीत गेलो. गिऱ्हाईक जायची वाट बघितली, कारण माणसाला चारचौघांत असं बोलू नये.

“मला तुमच्याशी जरा नाजूक बोलायचंय,” मी म्हणालो.

बेकरीवाल्याने हातातला ट्रे खाली ठेवला. चेहरा एकदम फुलला. “बोला मिस्टर! बोला! मोकळेपणी बोला! मलाही तेच—”

“पावात मीठ जास्त होतंय.”

त्याने ट्रे परत उचलला, परत ठेवला. मग पिठाच्या पोत्यावर बसला.

“मीठ,” म्हणाला.

“गावाचं बीपी वाढतंय. अर्ध्यावर आणा.”

“आणतो,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणताय तर आणतो.” आवाज अगदी रडवेला. कलाकार माणूस, लागलं असणार.

२३ एप्रिल

पाव बेचव झालाय, हे खरं आहे.

मेहुणी म्हणते पाव आहे की पुठ्ठा. पण खाते. सगळे खातात, कोणी तक्रार करत नाही. समजूतदार गाव आहे. अशा गावात सिस्टर का टिकत नाही?

आकडे मात्र उतरत नाहीत. बेकरीवाला आज तीन वेळा आला. तिन्ही वेळा दारातून आत, खुर्चीत, “मिस्टर, असं बघा...” आणि मग दंड पुढे. एकशे पासष्ट.

२८ एप्रिल

विभागीय कार्यालयाला लिहिलं. हे काम समितीचं आहे, पण समितीच आजारी असेल तर कोणीतरी करायला हवं. गावात रक्तदाबाची साथ असल्याचं कळवलं, सोबत आलेख जोडला. आलेख मी चांगला काढतो. पंपाच्या दाबाचा रोज काढतो, हा माणसांच्या दाबाचा, एवढाच फरक. खाली लिहिलं की अशा गावाचं केंद्र बंद करू नये, उलट दोन सिस्टर द्याव्यात.

पोस्टात टाकून आलो आणि फार हलकं वाटलं. वाटेत शीळ घातली. समोरून मोठ्या बाई येत होत्या, त्यांनी ऐकलं. लाज वाटली, पण त्या हसल्या.

आजच्या पानावर भूक वाढवायच्या औषधाची जाहिरात आहे. नको. रात्री दोनदा वाढून घेतलं.

७ मे

फोन आला! मोठ्या बाईंच्या शाळेत आला आणि त्या सुट्टीतला वर्ग सोडून आमच्या दारात. त्यांना धावताना मी कधी बघितलं नव्हतं.

“मिस्टर! तुम्ही काय लिहिलंत?”

मी सांगितलं.

“साथ?” त्या खुर्चीत बसल्या. “अहो, अधिकारी येतोय! साथ बघायला! आणि सोबत एका सिस्टरला घेऊन येतोय, शहरातल्या मोठ्या इस्पितळातली आहे, यायला तयार आहे!”

“मग चांगलं झालं की.”

“फार चांगलं झालं,” त्या म्हणाल्या आणि एकाच वेळी हसायला आणि कपाळ धरायला लागल्या. “आता काय होणार देवाला ठाऊक.”

त्यांचं बीपी घेणार होतो, पण नको म्हणाल्या. “ठेवा, अधिकाऱ्यासाठी राहू दे.”

१० मे

गावात सगळ्यांना काय झालंय कळत नाही. केंद्राला रंग दिला, आमच्या घराचंही कुंपण सरळ केलं, फाटकाची कुरकुर बंद केली. माझ्या दाराशी मात्र प्रत्येक जण येतो आणि परत जातो. आज खिडकीतून बघितलं. बेकरीवाला, मेहुणी आणि मोठ्या बाई फाटकापाशी उभं राहून एकमेकांना ढकलत होते.

“तुम्ही अध्यक्ष आहात.”

“तू मेहुणी आहेस.”

“यांच्या पावावर त्यांचा जीव आहे, यांनी सांगावं.”

“पावावर? माझा पाव त्यांनी पुठ्ठा केला!”

मी दार उघडलं तर तिघंही तीन दिशांना गेले. बहुधा अधिकाऱ्याचं स्वागत कोणी करायचं यावरून चाललं असावं. मी करणार नाही, हे मी त्यांना सांगून टाकीन.

१४ मे

आजचं सगळं लिहायचंय. माझं हसणं शेजारपर्यंत गेलं असं मेहुणी म्हणते.

सकाळी गाडी आली. अधिकारी तरुण आणि गोल चेहऱ्याचा, हातात टॅबलेट. त्यांच्या मागून नव्या सिस्टर उतरल्या. चाळिशीच्या पुढच्या, पायात सपाट चपला, वावर वॉर्डातल्यासारखा. गाडीतून उतरता उतरता त्यांनी ड्रायव्हरच्या बोटाचं बँडेज नीट केलं. आणि त्यांच्या मागून त्यांची आई. आईला दोघांनी धरून उतरवावं लागलं, गुडघे गेलेत. तोंड मात्र शाबूत आहे.

“हेच का ते आजारी गाव?” आई म्हणाली. “मला तर सगळे खाऊन-पिऊन बरे दिसतात.”

शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं होतं. अधिकाऱ्यांनी नवं यंत्र आणलं होतं. बेकरीवाला पहिला. एकशे वीस आणि ऐंशी. मोठ्या बाई, एकशे पंचवीस. मेहुणी, एकशे अठरा. पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे सरळ रेषेत. नव्या सिस्टर आकडा सांगत होत्या आणि अधिकारी टॅबलेटवर बोट मारत होते, आणि मी माझा आलेख घडी घालून खिशात ढकलत होतो.

“साथ कुठाय?” अधिकारी म्हणाले. “अहो, विभागात सिस्टरच्या निम्म्या जागा रिकाम्या आहेत. शिकतात आणि शहरात जातात, शहरातून परदेशात जातात. आहेत त्या एकटीने चाळीस-चाळीस खाटा सांभाळतात. आणि मी या बाईंना घेऊन इथे आलो, तर हे गाव माझ्यापेक्षा धडधाकट!” नव्या सिस्टरनी तेवढ्यात त्यांच्याही दंडाला पट्टा लावला. एकशे पन्नास निघालं. “खरंय,” त्या म्हणाल्या, “तुमच्यापेक्षा धडधाकट आहे.”

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मी म्हणालो, माझं यंत्र बघा, ते खोटं बोलत नाही. एवढं मोठ्याने मी कधी बोललेलो नाही.

“चला बघू,” नव्या सिस्टर म्हणाल्या. “मलाही नवल वाटतंय.”

म्हणून सगळे आमच्या घरी. सगळे म्हणजे सगळे, हॉलमधलं अर्धं गाव दारात आणि अर्धं खिडक्यांत. आईला टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं. मी बेकरीवाल्याला समोर घेतलं, पट्टा गुंडाळला, फुगवला, ऐकलं. एकशे बासष्ट.

नव्या सिस्टरनी स्वतः बघितलं, स्वतःच्या यंत्राने. एकशे साठ.

“मगाशी तर एकशे वीस होतं,” त्या म्हणाल्या. मग बेकरीवाल्याकडे बघितलं. नंतर मेहुणीकडे, मोठ्या बाईंकडे, मग घराकडे. लोकांच्या चेहऱ्यावरून रोग ओळखायची माझ्या बायकोची जशी नजर होती, तशीच नजर. “काका, या घरात आलं की तुम्हाला कसली भीती वाटते?”

“भीती? नाही. कुठे काय,” बेकरीवाला म्हणाला. घाम गळ्यापर्यंत आला होता.

अधिकारी म्हणाले, “बरं, हे नंतर. आधी यांना क्वार्टर दाखवा. त्याशिवाय त्या हो म्हणणार नाहीत. आईंना जिना चढता येत नाही, तळमजलाच हवा. समितीने आठ महिने ‘दुरुस्ती चालू आहे’ असंच कळवलंय. झाली का दुरुस्ती?”

सगळे छताकडे बघायला लागले. मीही बघितलं. या वेळी खाली मात्र मी एकट्यानेच बघितलं.

“क्वार्टर हेच,” मी म्हणालो. “आपण त्यातच बसलोय.”

एवढं मला ठाऊकच होतं. कोणीही विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. ती नोकरीला लागली तेव्हा ते मिळालं होतं. पण ठाऊक असणं आणि कळणं यात इतकं अंतर असेल असं वाटलं नव्हतं.

“अरे वा,” आई खुर्चीत मागे रेलून म्हणाली. “छान आहे. हवा येते. आणि तुम्ही कुठे जाणार?”

खिडकीतल्या लोकांनी माना आत घातल्या. माझ्या हातात पट्ट्याची नळी होती. मी पुढचं वाक्य ठरवून बोललो नाही, ते आपलं आपण निघालं.

“समोर,” मी म्हणालो. “दुकानाच्या वरच्या खोलीत. पूर्वेला खिडकी आहे.”

आणि बोलता बोलता मला भाडेकरू कोण ते कळलं.

मेहुणीने तोंडावर हात धरला. आधी ती रडते आहे असं वाटलं, पण ती हसत होती, किंवा दोन्ही. “फिकट हिरवा!” म्हणाली. “स्वतः रंग दिला हो यांनी! पलंगसुद्धा स्वतःच लावून घेतला!”

“तीन सिस्टर घरावाचून परत गेल्या,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आणि आम्हाला तुम्हाला सांगवेना. रोज ठरवून यायचो आणि क्लोरीनचं विचारून जायचो.”

“मी पहिल्या दिवशीच सांगणार होतो!” बेकरीवाला ओरडला. “घर मोठं आहे म्हणालो, तर हे म्हणे हात सैल सोडा!”

“मग बोलू नका म्हणालो,” मी म्हणालो. “बोललं की वाढतं.”

हे मी विनोद म्हणून बोललो नव्हतो. पण अख्खं घर हसायला लागलं. खिडकीतले हसताना एकमेकांवर पडले, कुंपणाचा नवा खांब गेला. मला आधी कळेना काय झालं, आणि मग एकदम कळलं आणि मलाही आवरेना. माणसं आठ महिने माझ्या खुर्चीत बसून घाबरत होती आणि मी त्यांचं मीठ तोडत होतो!

नव्या सिस्टरनी हसू दाबून बेकरीवाल्याचा दंड पुन्हा धरला. “थांबा, आता बघू.” एकशे बावीस. मग मोठ्या बाई आल्या, मेहुणी आली, आणि मग सगळ्यांनाच बघून घ्यायचं होतं, रांग फाटकापर्यंत गेली. सगळ्यांचं उतरलेलं.

“एका प्रश्नाने साथ गेली,” अधिकारी म्हणाले. “हे मी वर काय कळवू?”

“कळवा की पाणी चांगलं आहे,” मी म्हणालो.

आई म्हणाली, “चांगला पाव मला आणून द्या कोणीतरी, मगाशी हॉलमध्ये दिलेला फार बेचव लागला. मीठ नव्हतं का घरात?”

बेकरीवाला जाग्यावर उभा राहून दोन्ही हात जोडून माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, टाका. तो दारातून धावत गेला.

१५ मे

आज शांत बसून विचार केला.

तिला किल्ली मिळाली त्या दिवशी तिने कुलूप उघडलं आणि मी सामान घेऊन तिच्या मागून आत आलो. तिच्या मागून. इतक्या वर्षांत मी ते विसरलो. मला वाटायचं ती माझ्या घरात राहते. मी तिच्या कामात राहत होतो.

कोणी मला बोललं नाही याचा राग यायला हवा होता. बसून वाट बघितली, आला नाही. एवढ्या लोकांनी केंद्र जायची पाळी येईपर्यंत तोंड मिटून ठेवलं. माझ्यासाठी. असं असेल तर माणसाला संकोचाने मरायला हवं. पण मला तर दिवसभर भूकच लागत होती. पाव आज फार चांगला झालाय.

२२ मे

सामान हलवलं. रस्ता ओलांडायचा एवढंच, पण गाव असं लोटलं की जणू वरात! टेबलाला आठ जणांनी हात लावला, त्यामुळे ते दारात अडकलं. मोठ्या बाई शिट्टी घेऊन मध्ये उभ्या राहिल्या आणि वाहनं थांबवली. वाहन एकच होतं, ब्रेडची गाडी, आणि ती आमचंच सामान नेत होती.

मेहुणी वरून ओरडत होती, “भाऊजी, कपाट तिरकं! तिरकं हो! अहो, तुम्ही बोलत का नाही, डोक्यावर पडेल ना!”

तिचे कपडे मेहुणीने मागितले, मी दिले. बीपीचं यंत्र नव्या सिस्टरना द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, राहू दे तुमच्याकडे, माझ्या रांगेत गर्दी झाली की मी तुमच्याकडे पाठवीन. मग मी त्यांना घर दाखवलं. कुठला नळ अर्धाच फिरवायचा, कुठल्या फरशीखाली पोकळ आहे. त्या प्रत्येक गोष्ट एकदा करून बघत होत्या. शेवटी रस्त्याकडची छोटी खिडकी दाखवली आणि सांगितलं की दारावर घंटा आहे, पण लोक ती वाजवणार नाहीत. लोक या खिडकीवर टकटक करतात. पलंग खिडकीजवळ हवा.

“कितीदा?” त्यांनी विचारलं.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. “जन्माला येणारे वेळ बघत नाहीत.”

त्यांनी पलंगाची जागा बदलली. आईने पोरीचा पलंग आपल्यापासून इतका लांब का म्हणून भांडण केलं. मी हळूच निघालो. मागे दोघींचा आवाज चालू होता. घरातून निघताना मागे आवाज असणं चांगलं असतं. नाहीतर मला निघता आलं नसतं.

नव्या सिस्टर उद्या रुजू होणार. मेअखेरच्या आत.

२४ मे

पहाटे टकटक झाली. रस्त्यापलीकडे, पण मला ती कुठूनही ऐकू येईल. मी उठून बसलो, एक पाय जमिनीवर, हात दिव्याच्या बटणाकडे. नेहमी असंच व्हायचं: मी दिवा लावायचो, ती केस बांधायची, पाच मिनिटांत बाहेर.

पण इथे बटण दुसऱ्या बाजूला आहे. मी भिंत चाचपत होतो तेवढ्यात समोरची खिडकी उजळली.

“आले हो, आले,” नव्या सिस्टरचा आवाज.

आतून आई: “कोण मेलं?”

“मेलं नाही कोणी. येतंय.”

“मग पळ की! बोलत काय बसलीस!”

फाटक वाजलं. कुरकुरलं नाही. मी खिडकीत उभा राहून त्यांना जाताना बघितलं. पिशवी डाव्या हातात, चाल भरभर, बरोबरचा घाबरलेला बाप त्यांच्या मागे पडत होता. पूर्वेला उजेड फुटत होता, दिवा लावावाच लागला नाही.

खालून मेहुणीने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. “भाऊजी! वर नाचताय की काय?”

“चप्पल शोधतोय,” मी म्हणालो. “पंप लवकर सुरू करतो. त्या घरी पाणी लागेल.”